झिकाची अँटीबॉडी टेस्ट: या चुका टाळा

एलायझा (रक्तातल्या अँटीबॉडी रंगावरून ओळखणारी टेस्ट) करताना शेवटी स्टॉप सोल्युशन घातलं, प्लेटच्या वेलमधला (छोट्या खळग्यातला) निळा रंग पिवळाधमक झाला, की हात लगेच ‘झिका पॉझिटिव्ह’ लिहायला जातो. तिथेच थांबा. कोकणात कितीतरी जणांना डेंग्यू होऊन गेलेला असतो, दोडामार्गाकडे माकडतापही आहे. झिकासकट हे तिन्ही विषाणू फ्लॅविव्हायरस गटातले. डेंग्यूत तयार झालेल्या अँटीबॉडी झिकाच्या प्रथिनालाही चिकटतात आणि प्लेटला त्यातला फरक कळत नाही.

रुग्ण गरोदर असेल, तर त्या एका शब्दाने अख्ख्या घराची झोप उडते. म्हणून ‘आयजीएम रिॲक्टिव्ह, खात्री बाकी’ एवढंच लिहा (आयजीएम म्हणजे संसर्गानंतर आधी तयार होणारी अँटीबॉडी) आणि डॉक्टरांना स्वतः फोन करा. ताप नुकताच आलेला असेल तर रक्तासोबत लघवीही आरटी-पीसीआरला पाठवा; लघवीत विषाणूचा आरएनए जास्त दिवस सापडतो. उशिरा आलेल्यांसाठी पीआरएनटी (रुग्णाच्या अँटीबॉडी जिवंत विषाणूला रोखतात का हे पाहणारी टेस्ट) करून घ्या, पण आधी डेंग्यू झालेला असेल तर कधीकधी तीही कोड्यात टाकते. आणि चिकुनगुनिया निघाला म्हणून झिका सोडून देऊ नका. जुलै २०२१ मध्ये पुरंदरच्या बेलसरला राज्यातली पहिली झिका रुग्ण सापडली, तिला चिकुनगुनियाही होता.

संशोधनासाठी अँटीबॉडी मागवणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे ४जी२ ही अँटीबॉडी. ती विषाणूच्या बाहेरच्या ई प्रथिनाच्या फ्यूजन लूप या भागाला धरते, आणि तो भाग या गटातल्या जवळजवळ सगळ्या विषाणूंत सारखाच. पेशींत आपणच झिका घातला असेल तेव्हा ती उत्तम. नमुन्यात कोणता विषाणू आहे हे ती सांगणार नाही. त्यासाठी झिकाच्या एनएस१ या प्रथिनाविरुद्धची मोनोक्लोनल (एकाच जागेला धरणारी) अँटीबॉडी घ्या, आणि डेंग्यूच्या चारही प्रकारांवर व संसर्ग नसलेल्या पेशींवर ती आपल्याच लॅबमध्ये तपासा. कंपनीच्या कागदावर विसंबू नका.

आता आपल्या हवेचं. जून-जुलैत फ्रिजमधून काढलेलं, वेलच्या स्ट्रिपचं पाऊच लगेच फाडू नका. माझ्या हातून एकदा हे झालं: थंडगार स्ट्रिपवर दव धरलं, वेलच्या काठाला बारीक थेंब, आणि एकाच नमुन्याच्या दोन वेलचे आकडे जुळेनात. पाऊच अर्धा तास बंदच बाहेर ठेवा. उरलेल्या स्ट्रिप सिलिका जेलच्या पुडीसकट परत बंद करा.

वादळात वीज जाते, फ्रीझर वितळतो, पुन्हा गोठतो. अँटीबॉडी आल्या दिवशीच छोट्या ट्यूबमध्ये वाटून ठेवा. एचआरपी कंजुगेट (रंग आणणारं एचआरपी एन्झाइम जोडलेली अँटीबॉडी) मात्र सांगितलं नसेल तर गोठवू नका, आणि त्याच्या बफरमध्ये सोडियम अझाइड नको. एन्झाइमच बंद पडतं.