ग्रामसभेला जोडीनं जा

मी गोंड, गडचिरोलीच्या कुरखेडा तालुक्यातली. पीएचडीचा विषय वनहक्क. आमच्या पीएचडी करणाऱ्या मुलींच्या गटात माडिया आणि कोलाम मुलीही आहेत. गाइड फोन उचलत नाहीत, फेलोशिप अडकली, यावर आम्ही एकमेकींना धीर देतोच. पण गावात आपलं म्हणणं टिकवायचं कसं, ते इथं सांगते.

ग्रामसभेला दोघींनी मिळून जायचं. जिचं गाव, तिनं बोलायचं. दुसरीनं मागं बायांत बसून लिहायचं. आपल्याच गावात समोर काका-मामा असतात. कुणी “पोरी, बस आता” म्हटलं की अर्धा मुद्दा घशातच राहतो. मागची चिठ्ठी पुढं सरकवते. ती पाहुणी, तिला मत नाही. सभेला विचारूनच बसवा आणि तिनं मध्ये बोलू नये.

ग्रामसभेआधी बायांची वेगळी महिला सभा खरंच झाली का, ते बघा. कायद्यात आहे, पण बऱ्याच गावांत ती कागदावरच होते. मुद्दा तिथं मोठ्या बायांच्या तोंडून येऊ द्या. कोरचीकडे कुमारीबाई जमकातन यांच्यासारख्या बायांनी आपल्या प्रबंधांच्या कितीतरी आधी हे काम उभं केलंय. त्यांच्याकडे शिकायला जा, मुलाखत नंतर घ्या.

वनहक्काचा ठराव असेल तर आधी डोकी मोजा. वनहक्क नियमांच्या 2012 च्या दुरुस्तीपासून ग्रामसभेचे निम्मे सदस्य हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. 1 मेची सभा तेंदूपत्त्याच्या हंगामात येते, बाया जंगलात असतात. म्हणून घरोघर आधीच सांगून ठेवा.

सगळ्यात जपायची ती प्रोसिडिंगची वही, सभेचे ठराव लिहितात ती. “सह्या करा, मजकूर मागून लिहितो” हे वाक्य ऐकलं की दोघींनी उभं राहायचं. ठराव तिथंच लिहून घ्या, मोठ्यानं वाचायला लावा, गोंडीत सांगा. शेवटची ओळ आणि पहिली सही यांत जागा उरली तर आडवी रेघ मारायला सांगा. मग पानाचा फोटो काढा, दोघींच्याही फोनवर.

मैत्रिणीच्या गावातल्या आजीनं सांगितलेलं प्रबंधात घ्यायचं असेल तर छापण्याआधी तिला वाचून दाखवा. आजी “हे काढ” म्हणाली तर काढायचं, गाइड काहीही म्हणोत.

आणि भाडं. 2023 पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, तरी ज्या महिन्यात फेलोशिप येत नाही तेव्हा तेही जड जातं. जिची जमा झाली, तिनं दोघींचं काढायचं.