शनिवार-रविवारच्या सहलीत या चुका टाळा: नाशिकहून रेल्वेने किंवा विमानाने निघताना

शुक्रवारी रात्री निघायचं, रविवारी रात्री घरी यायचं, सोमवारी कामावर हजर. असा बेत ठरला की घरात पहिला प्रश्न येतो, "गाडीला किती तास लागतात?" बेत बिघडायला सुरुवात इथेच होते. मोजायचे ते आपल्या दारापासून हॉटेलच्या दारापर्यंतचे तास. आठवड्याच्या सहलीत दोन-तीन तास इकडेतिकडे झाले तर चालतं. दोन दिवसांच्या सहलीत तेवढ्यात एक अख्खी संध्याकाळ जाते.

आपल्याकडे तर स्टेशनच गावात नाही. गंगापूर रोड, सातपूर किंवा पंचवटीतून निघालेल्या माणसाला नाशिकरोड गाठायला दहा-पंधरा किलोमीटर जायचं असतं आणि वाटेत द्वारका चौक लागतो. शुक्रवारी संध्याकाळी द्वारका ओलांडली तरी पुढे उपनगर आणि बिटकोचे सिग्नल असतातच. त्या वेळच्या गाडीसाठी मी दीड तास आधी घर सोडतो. रात्री अकराच्या पुढची गाडी असेल तर पाऊण तास पुरतो.

मध्यरात्रीची तारीख

ही चूक आमच्या घरात झाली आहे, म्हणून तिच्यावर जरा जास्त लिहितो.

ओंकारेश्वरला जायचं म्हणून आम्ही सहा जण खांडव्याला निघालो होतो. गाडी मुंबईहून रात्री सुटणारी, नाशिकरोडला साडेबाराच्या पुढे येणारी. "शुक्रवारी रात्रीची गाडी" म्हणून मी शुक्रवारची तारीख टाकून तिकिटं काढली. गाडी आली, डब्यात चढलो, तर आमच्या बर्थवर दुसरं कुटुंब झोपलेलं. टीसींनी मोबाइलवरचं तिकीट पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "काका, तुमची गाडी काल गेली." शुक्रवारचे साडेबारा म्हणजे गुरुवारची रात्र उलटल्यावरचे साडेबारा. सामान घेऊन खाली उतरलो. आई प्लॅटफॉर्मवर बॅगेवर बसली होती, मांडीवर पुरी-भाजीचा डबा तसाच बांधलेला. तिने एका शब्दाने विचारलं नाही. ते मला अजून लागतं.

म्हणून रात्री बारानंतरच्या गाडीचं तिकीट काढताना वार मोठ्याने उच्चारा: "शनिवारी, शून्य वाजून पस्तीस मिनिटांनी." तिकीट हातात आलं की घरातल्या दुसऱ्या माणसाला ते वाचायला द्या. चूक चार्ट लागायच्या आत लक्षात आली तर तिकीट रद्द करून काही पैसे परत मिळतात. गाडी निघून गेल्यावर हाती काही उरत नाही.

तत्काळमध्ये हीच गफलत उलट्या बाजूने होते. तत्काळ बुकिंग गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेच्या आदल्या दिवशी उघडतं, एसीसाठी सकाळी 10 वाजता, बाकीच्या वर्गांसाठी 11 वाजता. शनिवारी साडेबाराला आपल्याकडे येणारी गाडी मुंबईहून शुक्रवारी सुटते, म्हणजे तत्काळ गुरुवारी उघडणार. शुक्रवारी सकाळी मोबाइल घेऊन बसलात तर एक दिवस उशीर झालेला असतो. शिवाय 1 जुलै 2025 पासून ऑनलाइन तत्काळसाठी खात्याला आधार जोडलेलं लागतं. ते काम आजच उरकून ठेवा, सकाळी 9 वाजून 58 मिनिटांनी ते होत नाही. आणि कन्फर्म झालेलं तत्काळ तिकीट रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत.

आधी परतीचं तिकीट

जायची सोय कशीही होते. एसटी आहे, कोणाची तरी गाडी आहे, कसाऱ्यापर्यंत शेअर टॅक्सी आणि पुढे लोकल आहे. अडतं ते रविवारी संध्याकाळी. मुंबईहून सव्वासहाला सुटणारी पंचवटी एक्सप्रेस रविवारी लागणार असेल तर ते तिकीट आधी काढा, मग जायचं बघा. आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं. 1 नोव्हेंबर 2024 पूर्वी ते 120 दिवस होतं आणि अजूनही अनेकांच्या डोक्यात तोच हिशेब आहे.

वेटिंगच्या भरवशावर कुटुंब घेऊन निघू नका. ई-तिकीट चार्ट लागल्यावरही पूर्ण वेटिंगमध्येच राहिलं तर ते आपोआप रद्द होतं. पैसे खात्यात येतात, पण त्यावर गाडीत चढता येत नाही. आरएसी असेल तर खुशाल जा, निदान बसायला जागा हक्काची असते. वेटिंगचा नुसता आकडा पाहू नका, त्याच्या आधीची अक्षरंही वाचा. जीएनडब्ल्यूएल म्हणजे सर्वसाधारण वेटिंग, ते लवकर सरकतं. पीक्यूडब्ल्यूएल म्हणजे मधल्या अनेक स्टेशनांत वाटलेला छोटा कोटा, तो हलता हलत नाही. पीक्यूडब्ल्यूएल 8 पेक्षा मला जीएनडब्ल्यूएल 20 बरं वाटतं.

लांबच्या गाडीला नाशिकरोडहून जागा नसेल, तर मुंबईपासूनचं तिकीट मिळतंय का ते पाहा. भाडं थोडं जास्त पडतं. मात्र तिकीट काढतानाच बोर्डिंग स्टेशन नाशिकरोड टाका. ते राहून गेलं तर मुंबईला कोणी चढलं नाही म्हणून तुमची जागा दुसऱ्याला दिली जाऊ शकते.

विमान तासाभराचं, प्रवास अर्ध्या दिवसाचा

ओझरहून विमान मिळत असेल तर शहरातून वीसेक किलोमीटरवर काम होतं, आणि माझं मत त्याच बाजूचं आहे. पण ओझरच्या सेवा बदलत राहतात. विमान कंपन्यांचं उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी लागू होतं, हिवाळी ऑक्टोबरच्या. या तारखांच्या पलीकडचा बेत असेल तर जुन्या वेळेवर हॉटेल ठरवू नका.

मुंबईहून स्वस्त तिकीट दिसलं की हात शिवशिवतात. जरा थांबा आणि हिशेब करा. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये खुला झाला, त्यामुळे कसारा घाट टळतो. पण आमण्याच्या पुढे भिवंडी-ठाण्याची कोंडी तशीच आहे. काउंटर विमानाच्या साधारण तासभर आधी बंद होतो. मी मुंबईच्या विमानासाठी घरातून निदान सात तास आधी निघतो. जाऊन-येऊन हे चौदा तास झाले, म्हणजे दोन दिवसांतला जागेपणीचा जवळजवळ निम्मा वेळ. त्यापेक्षा रात्रभर झोपून नेणारी रेल्वे बरी.

तिकिटावर विमानतळाचं नावही नीट वाचा. मुंबईचं टर्मिनल 1 आणि टर्मिनल 2 वेगवेगळ्या ठिकाणी आहेत, आणि आता नवी मुंबईचाही विमानतळ सुरू झाला आहे. गोव्यात मोपा उत्तरेला पेडण्यात आणि दाबोळी वास्कोजवळ. पाळोळ्याला राहायचं आणि उतरायचं मोप्याला, असं झालं तर अख्खा गोवा टॅक्सीने ओलांडावा लागतो.

पाऊस, घाट आणि बंद दरवाजे

जुलै-ऑगस्टमध्ये कसारा घाटात दरड कोसळली की गाड्या अडकतात. त्या दिवसांत मी मुंबईकडचा बेत करत नाही, संभाजीनगर-वेरूळ करतो. तिकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्याही मुंबईहूनच येतात, त्यामुळे उशीर होऊ शकतो, पण घाट बंद पडला तरी एसटीने जाता येतं. गाडी तीन तासांपेक्षा जास्त उशिरा असेल आणि जायचं रद्द केलं, तर गाडी सुटायच्या आत ऑनलाइन टीडीआर (पैसे परत मागण्याचा अर्ज) भरा, पूर्ण पैसे मिळतात. घरी पोहोचल्यावर भरू म्हणालात तर वेळ निघून गेलेली असते.

सोमवारची सुट्टी जोडून अजिंठ्याला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात, वेरूळ मंगळवारी. रविवारी मुंबईत फिरायचं असेल तर आदल्या दिवशी लोकलचा मेगाब्लॉक कुठे आहे ते पाहा. आणि रात्रीच्या गाडीने शेगावसारख्या ठिकाणी पहाटे उतरायचं असेल, तर 139 वर फोन करून स्टेशन येण्याआधीचा अलर्ट लावून ठेवा. घरातल्या एकाच माणसाच्या जागरणावर विसंबू नका.

परतीची गाडी नाशिकरोडला दहाच्या पुढे पोहोचणार असेल तर सिटीलिंकची शेवटची बस कितीची आहे ते निघायच्या आधीच पाहून ठेवा. रविवारी रात्री एकदम सगळी गाडी रिकामी होते आणि बाहेर रिक्षासाठी झुंबड उडते. लहान मुलं किंवा म्हातारं माणूस सोबत असेल तर ओळखीच्या रिक्षावाल्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा आणि गाडी इगतपुरी सोडली की त्याला फोन करा. तिथून नाशिकरोडला साधारण पाऊण तास लागतो, तेवढ्यात तो आरामात येऊन उभा राहतो.