नियमपुस्तिका लिहायला बसताना

बोर्डगेमच्या नियमपुस्तिका लिहिण्या-तपासण्याच्या कामात नवे आलेले बरेच जण थेट भाषा सुधारायला लागतात. मी मसुदा हातात आला की आधी प्रश्न लिहून काढते. ‘एक पत्ता घ्या’ असं लिहिलंय, पण गड्डीतून की टाकलेल्या पत्त्यांतून? गड्डी संपली तर? ‘शेजारचं घर’ म्हटल्यावर तिरकं घर धरायचं का? ‘घेता येतो’ आणि ‘घ्यावाच लागतो’ यांत गल्लत झालीय का? गुण सारखे झाले तर कोण जिंकलं, हे तर सर्रास राहून जातं.

पुस्तिका एकदा सलग वाचली जाते, खेळ शिकताना. मग पुन्हा उघडते ती डाव रंगात आलेला असताना, वाद मिटवायला. तेव्हा उत्तर झटकन सापडलं पाहिजे. काही प्रकाशक यासाठी शिकायची आणि संदर्भाची अशा दोन वेगळ्या पुस्तिका देतात. मला ती पद्धत मोठ्या खेळांसाठी फार पटते. छोट्या खेळाला शेवटच्या पानावरचा सारांश पुरतो.

‘मोनोपॉली’त एखाद्याने जागा विकत घेतली नाही तर तिचा लगेच लिलाव करायचा, हा छापील नियम आहे. पुष्कळ लोक तो खेळतच नाहीत, आणि डाव रेंगाळतो. खेळ बहुधा तोंडी शिकवला जातो, त्यात असे नियम गळतात. म्हणून जो गळला तर खेळच बिघडेल, तो नियम चौकटीत, उदाहरणासह द्यावा.

मात्र प्रत्येक शक्यता लिहीत बसू नका. बुद्धिबळाच्या ‘फिडे’ या जागतिक संघटनेच्या नियमावलीची प्रस्तावनाच सांगते, की सगळ्या परिस्थिती नियमांत मावणार नाहीत, मिळत्याजुळत्या प्रसंगांवरून निर्णय काढता यावा. मूळ नियम स्वच्छ असेल तर हे जमतं.

खरी परीक्षा चाचणीत. खेळ कधीच न पाहिलेल्यांना पेटी आणि पुस्तिका द्या, बाजूला बसा आणि तोंड उघडू नका. ते कुठे पान मागे उलटतात, कुठला नियम मोठ्याने दोनदा वाचतात, एवढंच टिपा. गप्प बसणं अवघड जातं, पण छापलेल्या पुस्तिकेसोबत तुम्ही जाणार नसता. एकाच जागी वेगवेगळे गट अडले तर वाक्य बदला. तरीही अडले, तर खेळ रचणाऱ्याशी बोला. अनेकदा नियमच गुंतागुंतीचा असतो आणि तो काढल्यावर खेळही सुधारतो.

सरावाला आवडता खेळ घ्या, त्याचे नियम एका पानात लिहा आणि याच चाचणीला लावा. काम मागायला जाताना पहिला मसुदा, चाचणीतल्या नोंदी आणि शेवटचा मसुदा, तिन्ही दाखवा.