खाऱ्या पाण्याच्या टाकीत मासे भांडतात? या चुका टाळा

गोव्यात फोंड्याच्या घरी माझी पहिली खाऱ्या पाण्याची टाकी होती तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. कागदावर 190 लिटर. वाळू, दगड घातल्यावर पाणी जेमतेम दीडशे. तिच्यात सगळ्यात आधी सोडला तो डॉमिनो डॅमसेल. काळाभोर, तीन पांढरे ठिपके, रुपयाच्या नाण्याएवढा. ‘टाकी बसवायला हाच बरा, मरत नाही,’ दुकानदार म्हणाला होता. खरंच मेला नाही. मेले ते नंतर आलेले. रॉयल ग्रामा नावाच्या माशाच्या शेपटीच्या चिंध्या झाल्या. फायरफिशला तर त्याने मारलंही नाही. पळता पळता बिचारा झाकणाच्या फटीतून उडाला आणि सकाळी लादीवर सुकलेला मिळाला. आई म्हणाली, ‘एवढे पैसे मोजून आणलेलं मासं, आणि हुमणात (माशाच्या कालवणात) घालायच्याही कामाचं नाही.’

तेव्हा पहिली आणि सगळ्यात महाग चूक क्रमाची. प्रवाळात राहणारे बरेचसे मासे जागेसाठी भांडतात: एक कपार, एक कोपरा, त्याभोवतीचं वीतभर पाणी. जो आधी येतो तो सगळी टाकी आपलीच धरून चालतो. म्हणून भित्रे आधी, भांडखोर शेवटी. फायरफिश, गोबी, कार्डिनल पहिल्यांदा, क्लाऊनफिश मध्ये, टँग, डॉटीबॅक, सिक्सलाइन रास सगळ्यात शेवटी. डॅमसेल घ्यायचाच असेल तर तोही शेवटी. डॉमिनो वाढून पाच इंचांच्या घरात जातो आणि वयाबरोबर त्याची खुन्नसही वाढते. टाकीचं सायकलिंग, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू वाढवून नवी टाकी बसवणं, करायला मासा लागतच नाही. सोललेल्या सुंगटाचा (कोळंबीचा) एक तुकडा टाकीत कुजू दिला तरी जिवाणूंना पुरेसा अमोनिया मिळतो.

दुसरी चूक गोड्या पाण्यातून येते. आफ्रिकन सिक्लिड पाळणारे मुद्दाम टाकी गच्च भरतात, म्हणजे मार एकट्यावर न पडता सगळ्यांत वाटला जातो. तिथे ते चालतं. खाऱ्या टाकीत त्याच हिशोबाने मासे भरले की पाणी बिघडतं आणि कपारी कमी पडतात. इथे बघायचं ते सारखेपण. अंगाचा आकार, रंग आणि खाणं जितकं जुळतं, तितकं वैर पक्कं. दोन टँग एकाच घाटाचे असतील तर चार फुटी टाकीतही त्यांचं जमणं कठीण, आणि त्यांच्या शेपटीच्या बुंध्याशी वस्तऱ्यासारखा काटा असतो हे विसरू नका.

लायनफिशला मात्र भांडखोर म्हणू नका. त्याच्या तोंडात मावेल तो मासा म्हणजे त्याचं जेवण. आपल्याकडचा गोबरोही (ग्रुपर) तसाच.

क्लाऊनफिशबद्दल लोक उलट्या बाजूने घाबरतात. लहान मासा मोठ्यासमोर आडवा होऊन थरथरतो, आणि मालकाला वाटतं फिट आली. ती शरणागती आहे. जोडी जमत असल्याची खूण. सगळे क्लाऊन आधी नर असतात, वरचढ ठरतो तो मादी होतो आणि पुन्हा नर होत नाही. म्हणून दोन लहान, पण एकमेकांपेक्षा आकाराने वेगळे घ्या. दोन मोठ्या माद्या एकत्र टाकल्या तर एक जाणार. जमलेल्या जोडीत तिसरा आणू नये. अंडी घातल्यावर ती जोडी तुमच्या हातालाही चावेल, ते मनावर घेऊ नका.

भांडण आहे की आजार?

नवा मासा वरच्या कोपऱ्यात, हीटरमागे उभा राहतो, खाण्याला बाहेर येत नाही, कल्ले भराभर हलतात. त्याला मार बसत असेल. पण पावसाळ्यात रात्री लाईट गेली आणि पंप बंद पडला तरी कल्ले असेच हलतात, फक्त तेव्हा सगळ्यांचे. आधी अमोनिया तपासा. मग खोलीतला दिवा बंद करून लांब बसा आणि वीस मिनिटं नुसतं बघा. पर तुटके, कडा ताज्या फाटलेल्या, तर चावा. कडा पांढुरक्या, झिजलेल्या, तर कूज. एखादा पाठलाग, थोडं फुगणं, मग आपापल्या जागी जाणं हे चालायचंच. खाण्याच्या वेळीही एकजण दुसऱ्याला कपारीतून बाहेर पडू देत नसेल, तर थांबू नका.

अशा वेळी लोक मार खाणाऱ्याला बाहेर काढतात. दादा मग पुढचा बकरा शोधतो. काढायचं ते दादाला. दगडांत जाळी घेऊन धावू नका. प्लास्टिकच्या बाटलीचं तोंड कापून उलटं बसवा, आत सुंगटाचा तुकडा ठेवा. हावरा तोच आधी शिरतो. आठ-दहा दिवस सम्पमध्ये (टाकीखालच्या फिल्टरच्या टाकीत) राहू दे. तेवढ्यात वरचे दगड हलवून मांडणी बदला. परतल्यावर तो स्वतःच पाहुणा असतो.

नवा मासा आणताना त्याला थेट सोडण्याऐवजी भाजी धुवायच्या जाळीदार प्लास्टिक टोपलीत (तार नसलेल्या) टाकीतच तीन-चार दिवस ठेवा. जुने बाहेरून धडका देतील, मग कंटाळतील. कंटाळले नाहीत तर टोपली उघडू नका. काचेला बाहेरून आरसा लावायची युक्ती टँगवर बऱ्याचदा चालते. माझ्या डॉमिनोने दोन मिनिटं आरशाकडे बघितलं आणि परत ग्रामाकडे वळला.

उपाशी टाकी जास्त भांडते. चवथीला (गणेश चतुर्थीला) सगळे गावच्या घरी जातात, पाच दिवसांनी येऊन बघावं तर कुणाचा तरी पर गायब. निघण्याआधी शेजाऱ्याकडे रोजच्या पुड्या बांधून द्या, डबा देऊ नका. प्रेमाने तो एका दिवशीच रिकामा होतो. एरवी थोडं थोडं, दिवसातून दोनदा, टाकीच्या दोन्ही टोकांना टाका. टँगसाठी नोरीच्या (सुकवलेल्या समुद्री शेवाळाच्या) दोन चिमट्या दोन बाजूंना. गोव्यातल्या मासेमारी बंदीच्या काळात, 1 जून ते 31 जुलै, ताजी सुंगटं महागतात, तेव्हा मे महिन्यातच बारीक चिरून गोठवून ठेवलेली बरी.

एक राहिलं. हणजुण्याच्या (अंजुना) किनाऱ्यावर खडकांतल्या डबक्यातून मुलं पट्ट्यापट्ट्यांचा पिटुकला मासा बाटलीत घालून आणतात. तो सार्जंट मेजर, डॅमसेलचाच भाऊबंद, वाढतो वीतभर. फुकट मिळालेला हा मासा हजारोंचे मासे संपवतो. आणि त्याच्यासोबत प्रवाळाचा तुकडा तर मुळीच उचलू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे. मुलगा रडला तर भरती येण्याआधीच, त्याच डबक्यात दोघांनी मिळून सोडून या.