सी ड्राइव्ह लाल झाला की काय काढायचं आणि काय नाही

हार्डवेअर-नेटवर्किंगचा कोर्स करून डेस्कटॉप सपोर्टला लागलात, की सुरुवातीलाच कानावर पडणारी तक्रार ही: ‘सी ड्राइव्ह लाल दाखवतोय, मशीन हँग होतंय.’ त्यात एसएसडी १२८ जीबीचा असेल तर विंडोज, ऑफिस आणि दोन-तीन मोठे अपडेट यांतच तो भरत येतो. नवीन मुलं मग फोल्डर मोठ्या आकारापासून लावतात, सगळ्यात वर काय आलं ते बघतात आणि शिफ्ट-डिलीट मारतात. या सवयीपायी धडधाकट मशीन फॉरमॅटला गेलेली मी पाहिली आहेत, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी आकार बघू नका. फाइल कुणी ठेवली ते बघा. जी वस्तू सिस्टीमने ठेवली आहे ती सिस्टीमलाच सांगून काढायची, हाताने नाही. व्हिस्टापासून विंडोजच्या बहुतेक मूळ फाइल्सची मालकी ‘ट्रस्टेडइन्स्टॉलर’ या विंडोजच्याच अंतर्गत सेवेकडे असते. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असूनही ‘परवानगी नाही’ असं येतं ते यामुळे. यूट्यूबवर मालकी बदलून घ्यायची युक्ती पाच मिनिटांत शिकायला मिळते. ती कामाच्या मशीनवर वापरू नका. तो अडथळा मुद्दाम घातलेला आहे.

नवख्यांची सगळ्यात जास्त फसगत करतो तो विंडोजमधला ‘विनएसएक्सएस’ फोल्डर, म्हणजे विंडोजच्या घटकांचा साठा. प्रॉपर्टीज उघडली की आठ-दहा जीबी दिसतात आणि हात शिवशिवतात. पण या फोल्डरमधल्या बऱ्याच फाइल्स हार्ड लिंक असतात. म्हणजे डिस्कवर फाइल एकच, पण तिची नोंद ‘सिस्टम३२’ या विंडोजच्या मुख्य फोल्डरमध्येही असते आणि इथेही. एक्सप्लोरर ती दोन्हीकडे मोजतो, त्यामुळे आकडा फुगतो. खरा हिशेब हवा असेल तर कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडा आणि ‘डिझम’ या विंडोजच्या देखभालीच्या कमांडला ‘ऑनलाइन’, ‘क्लीनअप-इमेज’, ‘अ‍ॅनालाइझ-कंपोनंट-स्टोअर’ हे पर्याय देऊन चालवा. तो एक्सप्लोररला दिसणारा आकार आणि खरा आकार वेगवेगळे छापतो, त्यातला किती भाग विंडोजशी सामायिक आहे ते सांगतो, आणि शेवटच्या ओळीत साफसफाईची गरज आहे की नाही याचं हो किंवा नाही असं उत्तर देतो. ही शेवटची ओळ वाचायची सवय लावून घ्या. ‘नाही’ असेल तर तिथे वेळ घालवू नका.

‘हो’ असेल तर त्याच कमांडला ‘स्टार्ट-कंपोनंट-क्लीनअप’ द्यायचं. एरवी विंडोज हे काम स्वतःच करत असतं, फक्त अपडेटनंतर निदान ३० दिवस थांबून. आपण हाताने कमांड दिली की ते थांबत नाही. पुढे ‘रीसेट-बेस’ असाही एक पर्याय आहे आणि त्याने आणखी जागा सुटते, पण तोवर बसलेले अपडेट नंतर काढता येत नाहीत. ऑफिसात नुकताच अपडेट येऊन प्रिंटर रुसलेले असतील, तर त्या आठवड्यात त्याला हात लावू नका.

दुसरा प्रकार आयत्या येणाऱ्या अ‍ॅप्सचा: गेम, बातम्या, एक्सबॉक्स वगैरे. एका कॉलेजच्या लॅबमध्ये मी हा घोळ पाहिला. तिथल्या सहायकाने स्वतःच्या लॉगिनमधून प्रत्येक मशीनवरची ही अ‍ॅप्स काढली होती, तरी नवा विद्यार्थी लॉगिन करायचा आणि सॉलिटेअर पुन्हा हजर. कारण अ‍ॅप दोन ठिकाणी नोंदलेलं असतं. एक नोंद त्या युजरची, दुसरी ‘प्रोव्हिजन्ड’, म्हणजे यापुढे तयार होणाऱ्या प्रत्येक युजरसाठी राखून ठेवलेली. पॉवरशेल या विंडोजच्या कमांड चालवायच्या साधनात ‘रिमूव्ह-अ‍ॅपएक्स-पॅकेज’ पहिली काढतं, ‘रिमूव्ह-अ‍ॅपएक्स-प्रोव्हिजन्ड-पॅकेज’ दुसरी. लॅबला दोन्ही लागतात. उलट बाजूही लक्षात ठेवा. अ‍ॅप एखाद्या युजरकडे बसलेलं आणि प्रोव्हिजन्ड यादीत मात्र नाही, अशा अवस्थेत इमेज (इतर मशीनवर उतरवायची विंडोजची तयार नक्कल) बनवायला घेतली की त्यासाठी मशीन तयार करणारं ‘सिसप्रेप’ हे साधन अडतं. अशा वेळी सिसप्रेपच्या लॉगमध्ये त्या पॅकेजचं नाव स्पष्ट लिहिलेलं असतं. लॉग न वाचता पुन्हा पुन्हा चालवत बसणारे खूप भेटतील, तुम्ही मात्र लॉग उघडा.

ही आयती भर एका फटक्यात काढणाऱ्या ‘डीब्लोट’ नावाच्या तयार स्क्रिप्ट नेटवर ढिगाने मिळतात. त्यातल्या काही चांगल्या आहेत, पण एकही ओळ न वाचता चालवू नका. सगळी अ‍ॅप्स सरसकट काढणारी एक ओळ कॅल्क्युलेटर, फोटो आणि खुद्द स्टोअरही घेऊन जाते. स्टोअर परत आणायला जो वेळ जातो, तेवढ्यात दहा मशीन नीट हाताने साफ झाली असती. माझी पद्धत साधी आहे: आधी यादी फाइलमध्ये उतरवून घ्यायची, जे काढायचं त्याचं नाव नावानिशी लिहायचं आणि वापरणाऱ्याला दाखवून मगच काढायचं.

विंडोजच्या आत ‘इन्स्टॉलर’ नावाचा एक लपवलेला फोल्डर आहे. त्यातल्या फाइल्सची नावं कसलीतरी अक्षरं-आकडे जोडून केलेली, आकार मोठे. बघणाऱ्याला कचराच वाटेल. तो उडवला की आज काहीच होत नाही, आणि धोका यातच आहे. काही महिन्यांनी ऑफिसचा किंवा अकाउंटिंगच्या सॉफ्टवेअरचा अपडेट येतो, तो जुनी एमएसआय (म्हणजे इन्स्टॉलची) फाइल मागतो आणि ती जागेवर नसते. मग ते सॉफ्टवेअर धड अपडेट होत नाही, धड निघत नाही. दुसऱ्या मशीनवरून हा फोल्डर आणून टाकला तरी चालत नाही, कारण यातल्या फाइल्स प्रत्येक मशीनच्या आपापल्या असतात.

आता निर्धास्तपणे सुटणारी जागा. मोठ्या अपग्रेडनंतर उरलेला ‘विंडोज.ओल्ड’ साधारण १० दिवसांनी आपोआप जातो. घाई असेल तर सेटिंग्जमधल्या स्टोरेजमधून काढा, मात्र मग जुन्या आवृत्तीवर परतता येत नाही. हायबरनेशनची (मशीन बंद होताना रॅममधलं काम डिस्कवर साठवायची) फाइल रॅमच्या सुमारे ४० टक्के असते, म्हणजे १६ जीबी रॅम असेल तर सहा जीबीच्या वर. ‘पॉवरसीएफजी’ कमांडने हायबरनेट बंद केलं की ती जाते, पण मशीन लवकर सुरू करणारा फास्ट स्टार्टअपही जातो. त्याऐवजी ‘रिड्यूस्ड’ प्रकार निवडा: फाइल निम्मी होते आणि फास्ट स्टार्टअप टिकतो. पेजफाइलला, म्हणजे रॅम कमी पडली की विंडोज वापरतं त्या फाइलला, हात लावायचं कारण नाही.

डिस्क क्लीनअप चालवताना प्रत्येक खूण वाचा. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीत त्या यादीत डाउनलोड्स फोल्डरही आला होता, आणि आपल्याकडे लोकांचे पॅनकार्ड, मार्कशीट, बँक स्टेटमेंट सगळं तिथेच पडलेलं असतं.

राहिलं रिकव्हरी पार्टिशन, म्हणजे दुरुस्तीसाठी राखून ठेवलेला डिस्कचा वेगळा भाग. शेकडो एमबी उगाच अडकलेत असं वाटून ते उडवून सी ड्राइव्ह वाढवणारे पुष्कळ आहेत. जानेवारी २०२४ मध्ये आलेला एक सुरक्षा अपडेट याच पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळी जागा मागत होता, आणि ती नसलेल्या मशीनवर तो बसतच नव्हता. तेव्हा अनेकांना हे पार्टिशन उलट वाढवावं लागलं. मशीन कधी सुरूच झालं नाही तर दुरुस्तीचा मेनू इथूनच येतो. गिऱ्हाइकाने कितीही आग्रह केला तरी ते ठेवा आणि जागा कमी पडत असेल तर मोठा एसएसडी सुचवा.