किल्ली कधी 'नाही' म्हणत नाही

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या सपुष्प (फुलं येणाऱ्या) वनस्पतींवर प्रोजेक्ट घेतलेल्या दोघी-तिघींनी यंदा विचारलं, ताई, सुरुवात कुठून करू? झाडं दाबून वाळवायचा प्रेस कसा बांधायचा, पावसाळ्यात कागद दिवसातून दोनदा कसे बदलायचे, हे तुम्हाला शिकवलेलं असतंच. (आमच्या घरी 'तरुण भारत'ची रद्दी चुलीवरच्या माळ्यावर वाळत असायची. आईची कुरकुर अजून चालू आहे.) ते सगळं सोडून मी एकाच गोष्टीवर लांबण लावणार आहे. तिच्यामुळे माझं अख्खं सेमिस्टर पाण्यात गेलं.

मलप्रभेच्या काठी, खानापूरच्या खालच्या अंगाला, मला एक सरपटणारी वेल मिळाली. पेरापेराला मुळं फुटलेली, पानं समोरासमोर, सूर्यफुलाच्या कुळातलं पिवळंधमक फूल. किल्ली लावली, म्हणजे लक्षणांच्या जोड्यांतलं एकेक निवडत झाडाच्या नावापर्यंत नेणारा पुस्तकातला तक्ता. एकेक जोडी ओलांडत गेले, कुठंही अडखळले नाही, आणि शेवटी नाव हाती आलं : पिवळा माका, म्हणजे वेडेलिया चायनेन्सिस. औषधी वनस्पती, तीही आमच्या नदीकाठी! त्या आनंदात मी लेबल लिहिलं, वाळलेली वेल कागदावर चिकटवून शीट केली, सेमिनारमध्ये फोटो दाखवला. त्यावर अधिवासाचं एक प्रकरणही खरडलं.

पुस्तकातल्या पिवळ्या माक्याच्या वर्णनात लिहिलं होतं की पान लांबट, कडा साधी किंवा दोन-चार दातांची. माझ्या वेलीच्या पानाला दोन्ही बाजूंना कान फुटल्यासारखे खंड होते. ते मला दिसत नव्हते असं नाही. नीट दिसत होते. 'पाणथळ जागा आहे, तेवढा फरक पडायचाच' असं मीच मला समजावलं.

पुण्याच्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहात, गठ्ठा घेऊन गेले, तेव्हा तिथल्या बाईंनी शीट हातात घेतली आणि शांतपणे विचारलं, "ही बागेतनं आणली काय?" ती होती स्फॅग्नेटिकोला ट्रायलोबाटा. मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतली, लॉनऐवजी लावतात ती. जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत तिचं नाव आहे. ट्रायलोबाटा म्हणजे तीन खंडांची, नावातच लिहिलंय! आमच्या कॉलेजच्या गेटसमोरच्या वाफ्यात ती होती, आणि दोन वर्षं मी रोज तिच्या बाजूनं गेले होते.

आता चूक नेमकी कुठं झाली ते बघा. किल्लीत प्रत्येक पायरीला दोनच दारं असतात : पानं समोरासमोर, नाहीतर एकाआड एक. 'यातलं काहीच नाही' असं तिसरं दार नसतं. त्यामुळे तुम्ही काहीही घेऊन आत शिरा, बाहेर पडताना हातात एक नाव असतंच. पुस्तकात नसलेलं झाड घेऊन गेलात, तर किल्ली तुम्हाला त्यातल्या त्यात जवळच्या नातेवाइकाच्या घरी नेऊन सोडते आणि वर काही बोलत नाही. पायऱ्या सरळ उतरल्या म्हणजे नाव बरोबर आलं, असा माझा समज होता. तो साफ चूक.

आपल्या भागात हे जास्त घडतं, आणि त्याला कारण आहे. महाराष्ट्राचं फ्लोरा, म्हणजे तिथल्या झाडांची वर्णनं आणि किल्ल्या असलेलं पुस्तक, सीमेवरच्या शिनोळीच्या पुढं येत नाही. सालढाणांच्या 'फ्लोरा ऑफ कर्नाटक'चे दोन खंड आहेत, १९८४ आणि १९९६ चे, पण ते एपिएसीपाशी, म्हणजे कोथिंबिरीच्या कुळापाशी थांबतात. ॲस्टरेसी, म्हणजे सूर्यफुलाचं कूळ, त्यात नाहीच; रुबिएसी, म्हणजे कॉफीचं कूळ, तेही नाही. मग हात जातो कूकच्या जुन्या पुस्तकाकडे. मुंबई इलाख्याचं ते फ्लोरा १९०१ ते १९०८ मध्ये निघालं, आणि बेळगाव तेव्हा त्याच इलाख्यात. उघडून बघा, 'एस. एम. कंट्री' म्हणजे सदर्न मराठा कंट्री असं आपल्या मुलखाचं नाव दिसेल, पुढं बेळगाव हे ठिकाण आणि रिची या संग्राहकाचे नमुने. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला भरून आलं होतं. पण ते पुस्तक शंभर वर्षांपूर्वीचं. त्यानंतर जे बाहेरून आलं त्याची त्याला खबर कुठली असणार?

विश्वास बसत नसेल तर काँग्रेस गवत उपटून आणा आणि कूकच्या किल्लीत घाला. हे गवत पुण्याहून नोंदवलं गेलं १९५६ साली, म्हणजे आपण म्हैसूर राज्यात गेलो त्याच वर्षी. कूकला ते माहीत नाही. तरी किल्ली तुम्हाला काही ना काही नाव देईल. हा प्रयोग कुठलाही गाईड करून घेत नाही. माझे सर तर म्हणायचे, "कीत (किल्लीत) बसलं ना? मग झालं." माणूस चांगला, पण हे वाक्य मला महागात पडलं.

मी आता असं करते. पुस्तक उघडायच्या आधी, झाड ताजं असताना, भिंग लावून वहीत वर्णन लिहायचं, आणि तेही मराठीत. लोक हसतात. पण इंग्रजीत लिहायला बसलं की पुस्तकातलीच वाक्यं हातातून उतरतात, डोळ्यांना दिसलेलं राहून जातं. मग किल्ली. नाव आलं की किल्ली मिटायची आणि त्या प्रजातीचं पूर्ण वर्णन ओळीओळीनं वहीशी ताडायचं. एक फुली पडली तरी थांबायचं. फुलीला कारण शोधत बसायचं नाही. त्यानंतर हर्बेरियमची शीट बघायची. फोटोवरून नाव सांगणारं ॲप मी वापरत नाही असं नाही, पण आधी नाव कळलं की डोळे तेवढंच शोधतात. म्हणून ते सगळ्यात शेवटी.

घाबरून जाऊ नका मात्र. पन्नास झाडं नीट केलीत की कुळं लांबूनच ओळखू यायला लागतात, आणि गावातली जुनी माणसं अर्धं काम करून देतात. जांबोटीकडं एक आजोबा ऐनाला मत्ती आणि नाण्याला नंदी म्हणत होते. मराठी आणि कानडी, दोन्ही भाषांतली नावं टिपून ठेवा. भीमगड अभयारण्यात मात्र वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय पानसुद्धा तोडू नका. 'कोण बघतंय' म्हणणारा सीनियर तुमच्याबरोबर चौकीवर येत नाही.

ती शीट अजून आहे. चुकीचं लेबल काढायचं नसतं, शेजारी नवी डिटरमिनेशन स्लिप, म्हणजे दुरुस्त नावाची चिठ्ठी, चिकटवतात. माझ्या निळ्या शाईतला 'पिवळा माका' आणि त्याखाली बाईंचं बारीक अक्षर.