आंतरराष्ट्रीय डेटाबेस परिषदेला शोधनिबंध पाठवताना या चुका टाळा

डेटाबेस क्षेत्रातील सिग्मॉड आणि व्हीएलडीबी या दोन प्रमुख परिषदा १९७५ पासून भरत आहेत. व्हीएलडीबी १९९६ मध्ये मुंबईत आणि २०१६ मध्ये नवी दिल्लीत भरली होती, तर सिग्मॉडच्या २०२६ च्या अधिवेशनासाठी बंगळुरूची निवड झाली. तरीही रत्नागिरी, लोणेरे किंवा सावंतवाडी येथील प्राध्यापक, विद्यार्थी आणि छोट्या सॉफ्टवेअर कंपन्यांतील अभियंते यांच्याशी बोलताना या परिषदा आपल्यासाठी नाहीत, अशी समजूत मला वारंवार आढळते. पहिला निबंध नाकारला गेला की ती पक्की होते. ते नकारपत्र शांतपणे वाचले, तर कामापेक्षा ते मांडण्यातच चूक झाली होती असे पुष्कळदा लक्षात येते.

काम एका प्रकारचे, निबंध दुसऱ्या प्रकारचा

सर्वांत महाग पडणारी चूक हीच आहे आणि ती आम्हीही केली आहे. मासळीच्या नोंदी ठेवणारी एक प्रणाली आमच्या गटाने तयार केली होती. किनारा दिसेनासा झाला की फोनची रेंज जाते, त्यामुळे नौकेवरच्या नोंदी फोनमध्येच साठतात आणि पहाटे नौका बंदराला लागल्या की सगळ्या एकदम मुख्य डेटाबेसकडे धावतात. एकाच टोपलीची नोंद तांडेलाने (नौकेच्या प्रमुखाने) केलेली असते आणि लिलावाच्या जागी कारकुनानेही केलेली असते. शिवाय हर्णैला ज्या नावाने मासा ओळखतात त्याच नावाने तो मालवणात ओळखतीलच असे नाही. या नोंदींचा मेळ घालण्याचे काम आम्ही बऱ्यापैकी साधले होते, पण निबंध लिहिताना मात्र ‘नवा अल्गोरिदम’ असे शीर्षक देऊन तो परिषदेच्या संशोधन विभागात पाठवला. परीक्षकांनी दाखवून दिले की परस्परविरोधी बदल ओळखण्यासाठी व्हर्जन व्हेक्टरची कल्पना १९८३ पासून उपलब्ध आहे, जोडणी तुटणाऱ्या उपकरणांसाठी बेयू ही प्रणाली १९९५ मध्ये मांडली गेली, वेगवेगळ्या प्रतींतील बदल आपोआप जुळवून घेणाऱ्या सीआरडीटी या विदारचनांची औपचारिक व्याख्या २०११ मध्ये झाली, आणि आमच्या निबंधात यांपैकी एकाशीही तुलना नव्हती. त्यांचे म्हणणे पूर्णपणे बरोबर होते.

आमच्याजवळ खरे मोल होते ते अनुभवाचे. कोणती रचना पहिल्या हंगामात कोलमडली, ती का कोलमडली, १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात आम्ही काय बदलले आणि पुढच्या हंगामात त्याचा कोणता परिणाम झाला, हे सांगणारा निबंध उद्योग विभागात शोभला असता. उद्योग विभाग म्हणजे संशोधनात न बसलेल्या कामाची सोय, हा समज मनातून काढून टाकावा. तेथे कल्पना अगदी अभूतपूर्व असण्याची सक्ती तितकी कडक नसते, परंतु प्रणाली प्रत्यक्ष वापरात आहे का, ती किती भार पेलते, पर्याय कोणते होते व ते का सोडले, आणि इतरांना यातून काय घेता येईल, या प्रश्नांची उत्तरे तेथे काटेकोरपणे मागितली जातात. उत्पादनाची जाहिरात वाटावी असा निबंध म्हणूनच तेथेही टिकत नाही. व्हीएलडीबीमध्ये प्रयोग व विश्लेषणासाठी आणि भविष्यवेधी मांडणीसाठीही वेगळे वर्ग आहेत. तेव्हा पहिले वाक्य लिहिण्यापूर्वी आपला दावा एका वाक्यात कागदावर लिहावा आणि तो कोणत्या विभागाच्या निकषांना उतरतो हे त्या वर्षीच्या आवाहनपत्राशी (परिषदेने निबंध मागवताना काढलेल्या नियमपत्राशी) ताडून पाहावे.

तुलनेतील अन्याय

डेटाबेसच्या निबंधाचा कस प्रयोगांच्या विभागात लागतो, आणि येथील चुका अनुभवी परीक्षकाच्या नजरेतून सुटत नाहीत. आपली प्रणाली महिनोन्महिने घासूनपुसून घ्यायची आणि तुलनेसाठी पोस्टग्रेस ही मोफत मिळणारी डेटाबेस प्रणाली मात्र जशी उतरवली तशी चालवायची, ही त्यांतली नेहमीची चूक. मूळ मांडणीत पोस्टग्रेसचे शेअर्ड बफर्स (विदा स्मृतीत धरून ठेवण्याची जागा) केवळ १२८ मेगाबाइट आणि वर्क मेम (क्रम लावण्यासारख्या कामांसाठीची स्मृती) ४ मेगाबाइट असते. ६४ जीबी स्मृती असलेल्या यंत्रावर ते तसेच ठेवून ‘आमची पद्धत दसपट वेगवान’ असे म्हटले, तर त्या वाक्यावर कोणीही विश्वास ठेवणार नाही. दोन्ही बाजूंना सारखीच मेहनत द्यावी आणि कोणते मूल्य कशासाठी बदलले ते निबंधात लिहावे.

विदासंच (डेटासेट) निवडतानाही असेच घडते. टीपीसी-एच या बेंचमार्कमध्ये, म्हणजे प्रणालींचा वेग मोजण्याच्या ठरावीक कसोटीत, ८ तक्ते आणि २२ क्वेरी (डेटाबेसला विचारायचे प्रश्न) आहेत, आणि स्केल फॅक्टर (विदेचे आकारमान) १ म्हणजे साधारण १ जीबी विदा. एवढी विदा आजच्या कोणत्याही लॅपटॉपच्या स्मृतीत मावते, म्हणून त्यावरून डिस्कच्या वापराविषयी काहीच सिद्ध होत नाही. त्यातील मूल्ये बव्हंशी समप्रमाणात विखुरलेली असल्यामुळे क्वेरी ऑप्टिमायझरचे (क्वेरी चालवण्याचा स्वस्त मार्ग निवडणाऱ्या भागाचे) ओळींच्या संख्येचे अंदाजही खऱ्या विदेवर येतात त्यापेक्षा फार चांगले ठरतात. २०१५ मध्ये आलेल्या जॉइन ऑर्डर बेंचमार्कने चित्रपटांच्या खऱ्या विदेवर ११३ क्वेरी देऊन ही उणीव स्पष्ट केली. आपला दावा जॉइनच्या, म्हणजे तक्ते एकमेकांशी जोडण्याच्या, क्रमाविषयी असेल, तर तो संच टाळण्याचे कारण द्यावेच लागते. आपल्याकडे बंदरावरची किंवा आंब्याच्या पेट्यांची खरी विदा असेल तर ती अवश्य वापरावी, कारण वेडीवाकडी, गळकी, एकाच नावाच्या चार वर्तनी असलेली विदा हे आपले बलस्थान आहे. मात्र तिच्या जोडीला सर्वांना परिचित असलेला एक बेंचमार्क ठेवावा, म्हणजे परीक्षकाला आपले आकडे इतरांच्या आकड्यांशेजारी मांडता येतील.

मोजमाप एकदाच करून थांबू नये. पहिल्या खेपेला विदा डिस्कवरून येते, दुसऱ्या खेपेला ती कॅशमध्ये (स्मृतीतल्या तात्पुरत्या साठ्यात) सापडते. त्यामुळे कोणत्या स्थितीत वेळ मोजला, किती वेळा मोजला आणि आकड्यांत किती चढउतार होता, हे सांगितल्याशिवाय आलेखाला अर्थ राहत नाही. विजेचा दाब वरखाली होणाऱ्या प्रयोगशाळेत लॅपटॉप बॅटरीवर गेला की प्रोसेसरचा वेगही कमी होऊ शकतो, हे मी मुद्दाम सांगतो, कारण पावसाळ्यात घेतलेल्या आमच्या काही मोजणीत ही गोष्ट फार उशिरा ध्यानात आली आणि सारे प्रयोग पुन्हा करावे लागले.

व्यापारी डेटाबेसशी तुलना करण्यापूर्वी त्याचा परवाना वाचावा. १९८३ च्या विस्कॉन्सिन बेंचमार्कनंतर काही कंपन्यांनी परवानगीशिवाय बेंचमार्कचे निकाल प्रसिद्ध करण्यास मनाई करणारी अट घातली. त्या बेंचमार्कच्या कर्त्यांपैकी डेव्हिड डेविट यांच्या नावाने ती आजही ओळखली जाते. अनेक निबंधांत उत्पादनाचे नाव न घेता ‘डीबीएमएस-एक्स’ असे लिहिलेले असते ते यामुळेच.

परीक्षकांपर्यंत न पोहोचता परत आलेले निबंध

सिग्मॉडच्या संशोधन विभागात लेखकांची नावे परीक्षकांना दिसू द्यायची नसतात; व्हीएलडीबीत मात्र नावे लिहिण्याची प्रथा आहे. एकीकडचा निबंध दुसरीकडे वळवताना हा फरक विसरला जातो. केवळ पहिल्या पानावरचे नाव पुसून भागत नाही. कोडच्या दुव्यातील खात्याचे नाव, पीडीएफच्या गुणधर्मांत राहिलेले लेखकाचे नाव, आभाराचा परिच्छेद, ‘आम्ही पूर्वी दाखवल्याप्रमाणे’ अशी वाक्ये, आणि ‘आमच्या महाविद्यालयाजवळच्या बंदरावर’ असा उल्लेख, यांतील प्रत्येक गोष्ट ओळख उघड करते. स्वतःच्या जुन्या निबंधाचा उल्लेख परक्याच्या निबंधाचा करावा तसा तृतीय पुरुषात करावा.

पृष्ठमर्यादा आणि साचा यांविषयी थोडक्यात सांगतो. व्हीएलडीबीच्या नियमित संशोधन निबंधाला संदर्भ वगळून १२ पाने मिळतात. ओळींतील अंतर चोरून तेरावे पान बाराव्यात कोंबू नये. आलेख काढणारे मॅटप्लॉटलिब हे सॉफ्टवेअर पीडीएफ आलेखांत मुळात टाइप ३ फॉन्ट घालते आणि अंतिम प्रत तपासताना तो अडतो, म्हणून त्याच्या मांडणीत फॉन्टटाइप ४२ ठेवावा. आलेखावर गावांची नावे देवनागरीत असतील तर जोडाक्षरे तुटलेली नाहीत ना, हे छापील प्रतीवर पाहावे.

हितसंबंधांची नोंद, म्हणजे जवळच्या संबंधांमुळे आपला निबंध तपासू नये अशांची यादी, कोणी गंभीरपणे घेत नाही, आणि ती अपुरी राहिल्यामुळे चांगले निबंध परत येतात. मार्गदर्शक, एकाच संस्थेतील सहकारी आणि अलीकडच्या वर्षांतील सहलेखक यांची नोंद प्रत्येक लेखकाने स्वतः करावी. गटप्रमुखाने सर्वांच्या वतीने अंदाजाने भरू नये. तोच निबंध एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवणे तर सर्वत्र वर्ज्य आहे. व्हीएलडीबीने नाकारलेला निबंध एका वर्षाच्या आत पुन्हा तेथे देता येत नाही, त्यामुळे ‘पाठवून तर पाहू’ असे म्हणत अर्धवट काम पाठवण्याची किंमत मोठी असते.

मुदतीची वेळ

व्हीएलडीबीच्या संशोधन निबंधांची मुदत दर महिन्याच्या १ तारखेला, अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेनुसार संध्याकाळी ५ वाजता संपते. आपल्याकडे तेव्हा २ तारीख उजाडलेली असते आणि अमेरिकेत उन्हाळी वेळ (घड्याळ तासभर पुढे) चालू असताना पहाटेचे साडेपाच, हिवाळ्यात साडेसहा झालेले असतात. याउलट ‘पृथ्वीवर कोठेही’ अशा पद्धतीने, म्हणजे जगात सर्वांत उशिरा दिवस संपतो त्या ठिकाणच्या वेळेनुसार, दिलेली मध्यरात्रीची मुदत आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सायंकाळी साडेपाचला संपते. या दोन पद्धतींची गल्लत झाली तर बारा तास हातचे जातात. काही परिषदांत सारांश आधी नोंदवावा लागतो आणि तो राहिला तर पूर्ण निबंध स्वीकारलाच जात नाही. जुलैच्या पहाटे वीज आणि इंटरनेट दोन्ही असतील याची खात्री किनाऱ्यावर कोणी देऊ शकत नाही, म्हणून पूर्ण झालेली प्रत दोन दिवस आधी चढवून ठेवावी. मुदत संपेपर्यंत ती बदलता येते.

सुधारणेची संधी आली तर

‘सुधारून पाठवा’ हा निर्णय आला की अनेकांना तो नकारच वाटतो आणि ते निबंध गुंडाळून ठेवतात. प्रत्यक्षात परीक्षकांना काम आवडल्याची ती खूण असते, आणि अशी संधी बहुधा एकदाच मिळते. प्रत्येक आक्षेप त्याच्याच शब्दांत उतरवून त्याखाली उत्तर आणि बदललेल्या मजकुराचे पान द्यावे; निबंधात तो मजकूर वेगळ्या रंगात ठेवावा. एखादा मागितलेला प्रयोग करणे शक्य नसेल, उदाहरणार्थ बंदी सुरू झाल्यामुळे नव्या हंगामाची विदा ऑगस्टपूर्वी मिळणारच नसेल, तर तसे सरळ लिहून त्याऐवजी जुन्या विदेवर काय तपासले आणि त्यातून दाव्याचा कोणता भाग मागे घेतला, हे उत्तरपत्रात आणि निबंधात, दोन्हीकडे नोंदवावे.